लेकीला प्रोजेक्टसाठी मॉरिशस आलंय, पण बातम्याच सापडत नाहीयेत

पत्र: ताई, माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात चिठ्ठ्या काढल्या त्यात तिला मॉरिशस देश आला. तिथल्या अलीकडच्या पाच घडामोडी, फोटो, आणि माहिती कुठून घेतली ते, अशी फाईल करायची आहे. गूगलवर मॉरिशस टाकलं की हनिमून पॅकेज येतात नाहीतर आपल्या पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फोटो. शेवटी डोडो पक्षी, त्यांचा स्वातंत्र्यदिन आणि समुद्रात जहाजातून तेल सांडलं ती बातमी असं घालून आणि बाकीचं एआयकडून लिहून घेऊन फाईल दिली. बाईंनी ती "यातलं आत्ताचं काय आहे?" असा शेरा मारून परत केली, लेक रडतच घरी आली. आता दहा दिवस राहिलेत. मी नोकरी करते, परदेशातल्या बातम्या कुठे बघतात ते मलाच माहीत नाही, आणि तिथे म्हणे फ्रेंच चालतं. देश बदलून मागू का? – एक आई, कराड

उत्तर:

देश बदलून मागू नका, प्लीज. आणि आधी लेकीला सांगा की बाईंनी विचारलेला प्रश्न हा रागवायचा प्रश्न नाहीये, तो या प्रोजेक्टचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत होते, दरवर्षी अशा फाईली घेऊन मुलं यायची आणि दहातल्या आठ फाईलींमध्ये देशाचा झेंडा, राजधानी, चलन, राष्ट्रीय पक्षी आणि कधीची ते न लिहिलेली एखादी बातमी, एवढंच असायचं. तुमच्या लेकीची एकटीची चूक नाही ही. डोडो सतराव्या शतकातच संपला, देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला, तेलाचं जहाज अडकलं जुलै २०२० मध्ये. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, पण घडामोडी म्हणून त्यांची वेळ गेली.

मला विचाराल तर देश फार चांगला आलाय. मॉरिशस साधारण २,०४० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याएवढं, आणि माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. अमेरिका किंवा चीन आलं असतं तर रोजच्या शंभर बातम्यांमधून पाच निवडताना पोरगी दमली असती. एवढ्या छोट्या देशात मात्र दहा दिवस रोज अर्धा तास पेपर बघितला तरी तिथे सध्या कशावरून वाद चाललाय ते आठवीच्या मुलीला नीट कळू शकतं.

आता तुमची अडचण नेमकी कुठे होतेय ते सांगते. तुम्ही मॉरिशसबद्दलच्या बातम्या शोधताय आणि तुम्हाला हव्यात मॉरिशसमधल्या बातम्या. तुमचा फोन कराडमध्ये, शब्द मराठीत टाकलेला, त्यामुळे गूगल तुम्हाला मराठीत मॉरिशसबद्दल कोणी काय लिहिलंय ते दाखवतं, आणि मराठीत आपण मॉरिशसबद्दल लिहितो कधी, तर आपल्याकडचं कोणी तिथे गेलं की, नाहीतर सहली विकायच्या असल्या की. मार्च २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय दिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते, ते फोटो तुम्हाला दिसताहेत. बातमी खरी आहे, महत्त्वाचीही आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या बजेटमध्ये सरकारने सगळ्यांना मिळणाऱ्या म्हातारपणाच्या पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर न्यायचं ठरवलं आणि लोक रस्त्यावर उतरले, घराघरात तोच विषय. ती बातमी तुमच्यापर्यंत आली का? नाही ना. तिथली साठीला टेकलेली बाई ज्या गोष्टीने रात्री जागी राहते ती गोष्ट आपल्या लेकीच्या फाईलमध्ये यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी तिथलेच पेपर उघडायचे. मोठे तीन आहेत: ल मॉरिसिएन (हा तर १९०८ पासूनचा आहे), लेक्सप्रेस आणि ल देफी. तिघांच्या वेबसाइट आहेत आणि बरंचसं फुकट वाचता येतं. एक गंमत, म्हणजे गंमत कसली, फसगतच: लेक्सप्रेस नावाचं एक मासिक पॅरिसमध्येही आहे आणि गूगल बऱ्याचदा तेच आधी दाखवतं. म्हणून पत्त्याच्या शेवटी डॉट एमयू आहे का ते लेकीला बघायला लावा, एमयू म्हणजे मॉरिशस, जसं आपलं डॉट इन. गूगलमध्ये साइट असा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून डॉट एमयू आणि मग एक जागा सोडून तुमचा विषय, असं टाकलं की फक्त तिथल्या पत्त्यांवरचंच येतं. अर्थात बाकीचे दोन पेपर डॉट एमयू वर नाहीत, ते डॉट कॉम आणि डॉट इन्फो वर आहेत, त्यामुळे ही युक्ती पुरेशी नाही, ते पेपर वेगळे उघडावे लागतील. आणि इंग्रजी स्पेलिंग नीट टाका हो, घाईत मॉरिटानिया आलं की संपलं, तो आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा वाळवंटातला वेगळाच देश आहे आणि मी एका मुलाची अख्खी फाईल त्या देशाच्या बातम्यांनी भरलेली बघितलीय, बिचाऱ्याने मेहनत खूप घेतली होती.

फ्रेंचची भीती घालवूया. तिथे संसदेचं आणि सरकारी कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, पेपर बहुतेक फ्रेंचमध्ये असतात, आणि लोक घरात बोलतात क्रेओल. म्हणजे सरकारी बातम्या तर तुम्हाला सरळ इंग्रजीत मिळतील, मॉरिशस सरकारची माहितीची साइट आहे, त्यांच्या हवामान खात्याची आहे, बँक ऑफ मॉरिशसची आहे. पेपरसाठी क्रोममध्ये पानावर भाषांतराचं बटण दाबायचं, आणि माझा अनुभव असा की फ्रेंचचं एकदम मराठी करण्यापेक्षा आधी इंग्रजी करून वाचलं तर वाक्यं जास्त सरळ येतात, मग मराठी लेकीने स्वतः करावं. तिला बरं वाटेल असं अजून एक, बजेट, पेन्शन, सायक्लोन हे शब्द फ्रेंचमध्येही जवळपास तेच आहेत, हेडलाइनमध्ये ते ओळखता येतात. फक्त गावांची नावं सांभाळा. क्वात्र बोर्न हे तिथलं चांगलं मोठं गाव आहे, त्या नावाचा शब्दशः अर्थ चार सीमादगड, आणि मशीन कधीकधी गावाच्या नावाचंही भाषांतर करून टाकतं. वाक्य विचित्र वाटलं की मूळ पान उघडून तो शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतोय का ते बघायचं, नकाशात टाकून बघायचं.

आता "अलीकडचं" कसं शोधायचं. गूगलवर शोधल्यावर टूल्स म्हणून एक पर्याय येतो, त्यात गेल्या आठवड्यातलं किंवा गेल्या महिन्यातलं एवढंच दाखव असं सांगता येतं. विकिपीडियावर इंग्रजीत वर्षाचा आकडा आणि देशाचं नाव अशी पानं असतात, म्हणजे त्या वर्षी त्या देशात काय काय झालं याची यादी. ती यादी फाईलमध्ये उतरवायला नाही, पण काय शोधायचं ते कळायला फार उपयोगी आहे, तिथून तारीख घ्यायची आणि त्या तारखेचा पेपर बघायचा. बीबीसीचं मॉरिशसवर एक ओळख करून देणारं पान आहे, ते पहिल्या दिवशी वाचून टाका, पंतप्रधान कोण, पक्ष कोणते, भांडण कशाचं ते डोक्यात बसतं.

आणि आता ज्यासाठी मी म्हणतेय देश बदलू नका तो विषय. चागोस. मॉरिशसच्या ईशान्येला, हिंदी महासागराच्या मधोमध, छोट्या छोट्या बेटांचा पुंजका आहे, त्यातल्या दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ आहे. मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून स्वतःकडे ठेवली, ३० लाख पौंड देऊन. मग १९६८ ते १९७३ या काळात तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी दीड-दोन हजार माणसं उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. घरं, नारळाची बागायत, कबरी, सगळं मागे. आपल्याकडे धरणात गाव गेलेल्या माणसांशी तुमची लेक कधी बोलली असेल, कोयनेच्या परिसरात अशी माणसं तुमच्याकडे आहेतच, तर तिला हे पटकन कळेल.

२०१९ च्या फेब्रुवारीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ब्रिटनने ही बेटं लवकरात लवकर सोडावीत, त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या बाजूने ११६ मतं पडली आणि विरोधात फक्त ६. भारत मॉरिशसच्या बाजूने होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला दोन्ही देशांनी जाहीर केलं की बेटं मॉरिशसला द्यायचं ठरलंय, आणि २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या: बेटं मॉरिशसची, पण दिएगो गार्सियाचा तळ ब्रिटन ९९ वर्षं चालवणार आणि त्याचे पैसे देणार, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. करारानुसार मॉरिशस बाकीच्या बेटांवर लोकांना परत वसवू शकेल, दिएगो गार्सियावर नाही.

मी तारखा एवढ्या का देतेय, तर त्या २२ मे च्या दिवसाकडे लेकीला नीट बघायला सांगा. सह्या सकाळी व्हायच्या होत्या. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायका ब्रिटनमध्ये कोर्टात गेल्या, आम्हाला कोणी विचारलंच नाही म्हणून, आणि कोर्टाने पहाटे पहाटे करार थांबवला. मग काही तासांनी कोर्टाने स्थगिती उठवली आणि दुपारी सह्या झाल्या. म्हणजे त्या दिवशी सकाळची बातमी "करार थांबला" आणि संध्याकाळची "करार झाला". दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. ज्या मुलीने फक्त तारीख लिहिली आणि वेळ बघितली नाही तिची फाईल चुकली असती. मॉरिशसची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हे पण तिने कुठेतरी कोपऱ्यात लिहून ठेवावं, ऑनलाइन बातमीवरची वेळ वाचताना कामाला येतं.

आणि हीच एक बातमी तीन ठिकाणी वाचायला लावा. लंडनच्या पेपरमध्ये तळाची सुरक्षा आणि करदात्यांचे पैसे यावर जोर असतो. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई, तिथल्या पेपरमध्ये स्वातंत्र्याचं राहिलेलं काम पूर्ण होणं हा सूर. आणि चागोसच्या लोकांमध्ये तर एकमतच नाही, कोणाला आनंद, कोणाला वाटतं आमच्याबद्दल ठरवणारे हे दोन देश कोण. तीन हेडलाइन एकाखाली एक चिकटवल्या आणि खाली लेकीने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या की कोणत्या पेपरने काय आधी सांगितलं आणि कोणाचं बोलणं गाळलं, तर ते पान बाई कधी विसरणार नाहीत. एवढं एक पान नीट झालं तरी माझ्यासाठी प्रोजेक्ट झालं. सह्यांच्या नंतर पुढे काय काय झालं ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, ते तिने शोधायचं, तीच तिची ताजी घडामोड.

बाकीच्या चार कशा निवडायच्या? सगळ्या राजकारणाच्या नकोत आणि सगळ्या भारताशी जोडलेल्या पण नकोत. एक हवामानाची घ्या. नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान तिथे चक्रीवादळांचा मोसम, १ ते ४ अशा इशाऱ्याच्या पायऱ्या असतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानीत रस्त्यावरच्या गाड्या पाण्याने वाहून गेल्या होत्या. तुमचे दहा दिवस मोसमाच्या बाहेर पडत असतील तर ऊस बघा, जून ते डिसेंबर त्यांचा गाळपाचा हंगाम, आणि कराडच्या मुलीला उसाची बातमी कोणी समजावून सांगायला नको, ती उलट तुम्हालाच समजावेल. एक पैशापाण्याची घ्या, भाव, पगार, पेन्शन, ते बजेट जूनमध्ये येतं. एक सणाची किंवा शाळेची.

सणाच्या बातमीत तुम्हाला आपली माणसं भेटतील. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून जी माणसं गेली त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली, देशावरची मराठी माणसंही होती, त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत, शाळेत मराठी विषय शिकता येतो, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. माझी एक विद्यार्थिनी हे वाचून अर्धा तास गप्पच बसली होती, तिला वाटायचं गणपती फक्त आपल्याकडेच. फक्त बातमी या वर्षीची घ्या, मजुरांचं पहिलं जहाज १८३४ ला आलं वगैरे हे पार्श्वभूमीच्या चौकटीत, दोन-तीन ओळीत. डोडो पण त्याच चौकटीत राहू दे, काढू नका, तिने चित्र काढलं असेल.

आता एआयचं. वाईट वाटून घेऊ नका पण ते पान फाडून टाका. ही यंत्रं अशी छान वाक्यं लिहितात की त्यात तारीख चुकलीय किंवा घटनाच घडलेली नाही हे कळत नाही, आणि ताज्या गोष्टींमध्ये तर जास्तच. कुठला शब्द कळला नाही, पेन्शनची भानगड समजली नाही तर त्याला जरूर विचारा, समजावून बरं सांगतं. पण घडामोड म्हणून त्याने सांगितलेली एकही ओळ लेकीने पेपरच्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय फाईलमध्ये जाता कामा नये. व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओचंही तेच. तुमच्या फाईलमधलं ते तेलाचं जहाज, वाकाशिओ, त्याचे फोटो अजून फिरतात. तारीख न लिहिलेला काळ्या समुद्राचा फोटो दिसला की कोणालाही वाटणार कालचाच आहे. तेव्हा त्या लोकांनी उसाची पाचट आणि माणसांचे कापलेले केस कापडी पिशव्यांत भरून तेल अडवायला तरंगते बांध केले होते, मला अजून ते आठवलं की भरून येतं, म्हणून लेकीला तो विषय फार आवडला असेल तर सोडायला लावू नका. तिथल्या किनाऱ्यावर आज काय स्थिती आहे याची या वर्षीची बातमी शोधा, सापडली तर जुना फोटो आणि नवी बातमी शेजारी शेजारी लावता येईल.

सोशल मीडियावरून अजून एक आठवलं, हे उदाहरण म्हणून तिला सांगाच. १० नोव्हेंबर २०२४ ला तिथे निवडणूक होती, त्याआधी मोठमोठ्या लोकांचे फोनवरचे बोलणे रेकॉर्ड केलेल्या क्लिप ऑनलाइन बाहेर यायला लागल्या, आणि १ नोव्हेंबरला तिथल्या सरकारी दूरसंचार नियंत्रकाने निवडणूक होईपर्यंत अख्ख्या देशात सोशल मीडिया बंद करायचा आदेश काढला. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी आदेश मागे. निवडणुकीत विरोधकांनी ६२ पैकी ६० जागा घेतल्या आणि नवीनचंद्र रामगुलाम परत पंतप्रधान झाले. ज्याने १ तारखेची बातमी वाचून सोडून दिली त्याच्या डोक्यात अजूनही "तिथे निवडणुकीभर सोशल मीडिया बंद होता" एवढंच राहणार. म्हणून बातमी सापडली की तिच्यानंतरची बातमीही शोधायची, निदान दोन दिवस पुढची.

तुम्ही नोकरी करता, दमून येता, तर सगळं तुम्ही करू नका. पहिले दोन दिवस शेजारी बसा, पेपर उघडून द्या, भाषांतराचं बटण दाखवा. नंतर तिने रोज अर्धा तास एकटीने बघावं आणि जेवताना तुम्हाला सांगावं आज मॉरिशसमध्ये काय झालं. तोंडाने सांगता आलं म्हणजे कळलं. प्रत्येक बातमीसाठी एक चिठ्ठी करायची, त्यावर घटना कधी घडली, पेपरमध्ये कधी छापली आणि तिने कधी वाचली या तीन तारखा, पेपरचं नाव, मूळ हेडलाइन आणि खाली तिच्या मराठीत पाच-सहा ओळी. लिंक त्याच वेळी उतरवून ठेवायची, नंतर ती सापडत नाही हे मी लिहून देते. एक मात्र, माहितीसाठी तिथल्या कोणा अनोळखी माणसाला इन्स्टावर मेसेज करायचा असं तिच्या डोक्यात आलं तर तुम्ही सोबत असल्याशिवाय नको.

सहाव्या-सातव्या दिवशी तुमच्याकडे पंधरा-वीस चिठ्ठ्या झालेल्या असतील, त्या जमिनीवर पसरा आणि पाच तिलाच निवडू द्या, का निवडल्या ते एका वाक्यात लिहू द्या. आणि फाईल द्यायच्या आदल्या संध्याकाळी, सगळं चिकटवून झाल्यावर, चागोस हा शब्द तिला पुन्हा एकदा शोधायला सांगा. नवीन काही आलं असेल तर त्या पानावर खाली, तारीख आणि वेळ घालून, पेनाने एक ओळ वाढवायची. त्यासाठी थोडी जागा आधीच सोडून ठेवा.